विकत घेतलेली माणसं

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होस्टेलवर आम्ही चौघांनी मिळून ‘द ऑफिस’चे सगळे सीझन पाहिले. एकच लॅपटॉप, एकच हार्ड डिस्क, आणि सबमिशन डोक्यावर. त्यातला मायकल स्कॉट आमचा लाडका. कागद विकणाऱ्या कंपनीच्या एका शाखेचा हा मॅनेजर. जगातला सर्वोत्तम बॉस असं लिहिलेला मग त्यानं स्वतःच स्वतःसाठी विकत घेतलेला. आमच्यापैकी कुणी नको तिथे विनोद केला की बाकीचे त्याला ‘मायकल’ म्हणायचे.

म्हणून स्टीव्ह करेलचा ‘फॉक्सकॅचर’ कुणीतरी पेन ड्राइव्हवर आणला तेव्हा आम्ही चिप्सची पाकिटं फोडून बसलो. वीसेक मिनिटांनी रूममेट म्हणाला, “अरे, हा जोक कधी मारणार?” त्यानंतर कुणी काही बोललं नाही. सिनेमा संपला तेव्हा चिप्स तशाच होत्या.

पडद्यावर करेल होता हे मला माहीत होतं, पण तो दिसत नव्हता. लांब, टोकाशी वाकलेलं नाक, बारीक दात, फिकट कातडी. बोलताना मान मागे टाकून नाकाच्या शेंड्यावरून समोरच्याकडे पाहायची सवय. दोन शब्दांमध्ये इतकी मोठी फट की व्हिडिओ अडकला की काय असं वाटावं. हा जॉन एल्यूतेर ड्यू पाँट. खरा माणूस. त्यानं १९९६ साली एका ऑलिंपिक विजेत्या पैलवानाला गोळ्या घातल्या.

तेव्हा मी फक्त दचकलो. त्यामागचा इतिहास मी बराच नंतर, नोकरीला लागल्यावर वाचला. का वाचला, ते पुढे सांगतो.

दारूगोळा, पक्षी आणि पोस्टाची तिकिटं

ड्यू पाँट हे नाव आपण रोज वापरतो आणि आपल्याला पत्ता नसतो. नायलॉन त्यांच्या प्रयोगशाळेत जन्मलं, टेफ्लॉनही. नॉनस्टिक तव्यावर डोसा टाकताना आपण या घराण्याच्या इतिहासावरच पीठ पसरत असतो. पण मूळ धंदा बंदुकीच्या दारूचा. फ्रान्समधून आलेल्या एल्यूतेर इरेने ड्यू पाँटनं १८०२ साली डेलावेअरमध्ये ब्रँडीवाइन नदीकाठी दारूचा कारखाना काढला. अमेरिकेच्या युद्धांना तो दारू पुरवत गेला आणि घराणं देशातल्या सर्वांत श्रीमंत घराण्यांपैकी एक झालं.

जॉन या घराण्यात १९३८ साली जन्मला. तो लहान असतानाच आईवडील विभक्त झाले. वडिलांना घोड्यांच्या शर्यतींचं वेड. त्यांच्या ‘फॉक्सकॅचर’ तबेल्यातल्या डॉबर या घोड्यानं जॉनच्या जन्माच्याच वर्षी प्रीकनेस ही मोठी शर्यत जिंकली होती. आई वेल्श जातीची तट्टं पाळायची आणि त्यांच्यासाठी बक्षिसं मिळवायची. जॉन तिच्याबरोबर पेनसिल्व्हेनियातल्या न्यूटाउन स्क्वेअर इथे सुमारे ८०० एकरांच्या जागेवर वाढला. पुढे या जागेला त्यानं तबेल्याचंच नाव दिलं: फॉक्सकॅचर फार्म.

हा माणूस निव्वळ ऐतखाऊ नव्हता, आणि हे सिनेमा पाहून नीट कळत नाही. त्यानं पक्ष्यांचा गंभीर अभ्यास केला. फिलिपिन्समधल्या आणि दक्षिण पॅसिफिकमधल्या पक्ष्यांवर त्याची पुस्तकं आहेत, पक्ष्यांच्या दोन डझनांच्या आसपास उपजाती त्याच्या नावावर आहेत. शिंपले गोळा केले. १९७२ साली उघडलेलं डेलावेअरचं निसर्ग-इतिहास संग्रहालय त्यानंच स्थापन केलेलं, आणि १९७३ साली त्यानं डॉक्टरेट मिळवली. १९८० साली लिलावात ९ लाख ३५ हजार डॉलर मोजून त्यानं ब्रिटिश गयानाचं १८५६ सालचं एक सेंटचं किरमिजी तिकीट घेतलं. असं तिकीट जगात एकच आहे.

खेळात मात्र त्याला यश आलं नाही. तो पोहायचा, मॉडर्न पेंटॅथलॉनसाठी धडपडायचा. ऑलिंपिकमध्ये खेळाडू म्हणून उतरणं काही जमलं नाही. पक्षी मिळाले, शिंपले मिळाले, तिकीट मिळालं. पदक लिलावात मिळत नाही. मग त्यानं पदक जिंकणारी माणसं गोळा करायला सुरुवात केली.

दोन भाऊ

डेव्ह शुल्ट्झ आणि मार्क शुल्ट्झ हे कॅलिफोर्नियाचे भाऊ. वयात जेमतेम दीड वर्षाचं अंतर. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीत डेव्हनं ७४ किलो गटात आणि मार्कनं ८२ किलो गटात सुवर्ण जिंकलं. त्या ऑलिंपिकवर सोव्हिएत गटानं बहिष्कार टाकला होता, त्यामुळे पदकाला काही लोक नाकं मुरडायचे. पण डेव्ह आदल्याच वर्षी सोव्हिएत भूमीवर, कीव्हमध्ये जगज्जेता झाला होता आणि मार्क १९८५ आणि १९८७ मध्ये झाला. तेव्हा शंकेला जागा नव्हती.

डेव्ह अंगापिंडानं कुणाला घाबरवणारा नव्हता. टक्कल, दाढी, ढगळ कपडे. त्याची ताकद डावात होती. तो रशियन शिकला आणि प्रतिस्पर्ध्यांशी त्यांच्याच भाषेत गप्पा मारायचा. शीतयुद्धाच्या काळात एका अमेरिकन पैलवानासाठी सोव्हिएत प्रेक्षक टाळ्या वाजवायचे, ही साधी गोष्ट नव्हे.

पण सुवर्णपदकानं घरभाडं भरता येत नव्हतं. सोव्हिएत पैलवानाच्या मागे सरकार उभं असायचं. अमेरिकेत कॉलेज संपलं की पैलवानानं कुठेतरी सहायक प्रशिक्षकाची नोकरी धरायची आणि उरलेल्या वेळात सराव करायचा. आपल्याला हे नवं नाही. खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते लोकांच्या वर्गणीवर आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकून उभ्या केलेल्या पैशांवर. ते कांस्यपदक घेऊन आले. फरक एवढाच, की पैसे देणाऱ्यांपैकी कुणी खाशाबांना आपल्या आवारात आणून ठेवलं नाही.

ड्यू पाँटनं ठेवलं. आधी त्याच्या पैशावर व्हिलानोव्हा विद्यापीठात १९८६ साली कुस्तीचा संघ सुरू झाला आणि मार्क तिथे सहायक प्रशिक्षक म्हणून आला. दोन वर्षांत विद्यापीठानं तो बंद केला. तोवर ड्यू पाँटनं फार्मवरच अद्ययावत केंद्र उभं केलं होतं: मॅट, वजनं, पोहण्याचा तलाव, राहायला घरं, महिन्याचा पगार. ‘टीम फॉक्सकॅचर’. उघड्यावर पडलेल्या खेळाडूंना आणखी काय हवं होतं?

सिनेमा सुरू होतो तेव्हा मार्क (चॅनिंग टेटम) एका शाळेत पदक दाखवून भाषण करतो आणि त्याबद्दल २० डॉलरचा चेक घेतो. चेकवर नाव लिहिताना बाई विचारतात, डेव्ह ना? घरी येऊन तो एकटाच नूडल्स खातो. अशा माणसाला एक दिवस फोन येतो: ड्यू पाँट साहेबांना भेटायचंय, विमानाचं तिकीट पाठवतोय. तुम्ही गेला नसता? मी गेलो असतो.

नाक

करेल १९६२ चा. शिकागोच्या ‘सेकंड सिटी’त आयत्या वेळी विनोद रचायचं शिक्षण, मग ‘द डेली शो’, मग २००५ मध्ये ‘द फॉर्टी-इयर-ओल्ड व्हर्जिन’ आणि ‘द ऑफिस’. २०११ साली तो ‘द ऑफिस’मधून बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी ‘फॉक्सकॅचर’चं चित्रीकरण झालं. दिग्दर्शक बेनेट मिलर. त्याच्या आधीच्या ‘कपोटी’साठी फिलिप सीमोर हॉफमनला ऑस्कर मिळालं होतं, तेव्हा नटाकडून काय काढून घ्यायचं हे मिलरला ठाऊक होतं.

बिल कॉर्सो आणि डेनिस लिडियार्ड या मेकअपवाल्यांनी रोज काही तास खपून करेलचा चेहरा बदलला. सगळ्यांनी चर्चा केली ती नाकाची. पण दुसऱ्यांदा पाहताना मला वाटलं, नाक ही सोपी गोष्ट आहे. अवघड आहे ते थांबणं. विनोदी नटाचं सगळं भांडवल म्हणजे टायमिंग: कधी बोलायचं, किती सेकंद गप्प बसायचं. करेलनं तेच टायमिंग इथे वापरलंय, फक्त शेवटी हशा येत नाही. मायकल स्कॉट नको ते बोलून गप्प होतो तेव्हा कॅमेरा जिमच्या चेहऱ्यावर जातो, जिम आपल्याकडे बघतो, आणि आपण सुटतो. ड्यू पाँट गप्प होतो तेव्हा कॅमेरा त्याच्यावरच राहतो. आपल्याकडे बघणारा जिम तिथे कुणी नाही.

एका प्रसंगात हा पन्नाशीतला माणूस मार्कला सांगतो की लहानपणी त्याला एकच मित्र होता, आईच्या ड्रायव्हरचा मुलगा. सोळाव्या वर्षी त्याला कळलं की आई त्या मुलाला मैत्रीचे पैसे देते. करेल हे सांगताना आवाज कापू देत नाही, डोळ्यांत पाणी आणत नाही. हवामान सांगावं तसं सांगतो. आणि समोर बसलेला मार्कही पगारीच असतो.

दुसऱ्या एका प्रसंगात आई (व्हनेसा रेडग्रेव्ह) व्हीलचेअरवरून तालमीत येते. तिला कुस्ती हलक्या लोकांचा खेळ वाटते. ती आलेली पाहताच ड्यू पाँट जगज्जेत्या पैलवानांना भोवती बसवतो आणि अगदी प्राथमिक गोष्टी शिकवायला लागतो. ते माना डोलावतात. कोल्हापूरच्या एखाद्या तालमीत कुणी मालदार माणूस येऊन लंगोट न लावता वस्तादाच्या जागी उभा राहिला तर काय होईल, याची कल्पना करा. इथे मात्र कुणी हसत नाही. आई काही न बोलता निघून जाते.

मेंटॉर म्हण

आता माझं कारण.

पहिल्या नोकरीत आमचा एक बॉस होता. वाईट माणूस नव्हता. टीमला ‘फॅमिली’ म्हणायचा, मध्यरात्री पिझ्झा मागवायचा, आणि रविवारी फोन उचलला नाही तर दोन दिवस तोंड पाडून बसायचा. त्याच्या वाढदिवसाला एचआरनं सगळ्यांना सांगितलं की तीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवा, सरांनी तुमच्या आयुष्यात काय बदल घडवला त्यावर. सोबत नमुना वाक्यंही दिली. त्यातलं एक होतं: ‘ते माझ्यासाठी बॉस नाहीत, मेंटॉर आहेत.’

मी ते चार वेळा रेकॉर्ड केलं. चौथ्यांदा बरं आलं. पाठवलं.

त्याच आठवड्यात मी ‘फॉक्सकॅचर’ दुसऱ्यांदा लावला. त्यात ड्यू पाँट स्वतःवर माहितीपट बनवून घेतो (खऱ्या आयुष्यातही त्याला स्वतःचं चित्रीकरण करवून घ्यायची हौस होती). डेव्हची भूमिका करणारा मार्क रफलो कॅमेऱ्यासमोर बसलाय. मुलाखत घेणारा त्याला सुचवतो की जॉन तुमचा मेंटॉर आहे असं म्हणा. डेव्हला ते जमत नाही. तो घुटमळतो, चेहरा चोळतो, पुन्हा विचारतो की नक्की काय म्हणू. मारामारी नाही, शिवी नाही. एका चांगल्या माणसाला एक खोटं वाक्य उच्चारता येत नाही एवढंच. मी तिथे पॉज केलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. मला चार टेक लागले होते, पण अडखळलो होतो ते फक्त उच्चारात.

त्यानंतर मी या प्रकरणावर मिळेल ते वाचू लागलो.

दिसत होतं, तरी

आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की नंतर लॉग उघडून बघतात. आणि बहुतेक वेळा कळतं की इशारे आधीपासून येत होते. रोज येतात म्हणून कुणी बघत नव्हतं. फॉक्सकॅचर फार्मचा लॉग असाच आहे.

आई १९८८ साली वारली. त्यानंतरच्या वर्षांत ड्यू पाँटची अवस्था बिघडत गेली. आपण दलाई लामा आहोत असं तो म्हणायचा. आवारातल्या तळ्यात त्यानं गाडी घातली. काळ्या रंगाची त्याला भीती वाटू लागली आणि त्यानं कृष्णवर्णीय पैलवानांना फार्मवरून घालवून दिलं. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यानं एका पैलवानाच्या छातीवर ऑटोमॅटिक बंदूक रोखली. त्या पैलवानानं तक्रारही केली.

काही झालं नाही. स्थानिक पोलीस त्याच्याच आवारातल्या रेंजवर नेमबाजीचा सराव करायचे. अमेरिकेतल्या कुस्तीला त्याच्याकडून दरवर्षी लाखो डॉलर मिळत होते. पैलवानांचं घर, पगार, परदेश दौरे सगळं त्याच्या हातात होतं आणि अटलांटा ऑलिंपिक जवळ आलं होतं. जॉन थोडा विक्षिप्त आहे, इतकंच म्हणून लोक पुढे जायचे. गरीब माणसाला वेड लागतं, श्रीमंत माणूस विक्षिप्त असतो.

डेव्ह १९८९ च्या सुमारास फार्मवर आला होता. पत्नी नॅन्सी आणि दोन मुलांसह तो आवारातल्याच एका घरात राहायचा. ड्यू पाँटला समजावून घेणारा, त्याच्याशी धीरानं बोलणारा जो होता तो डेव्हच, असं त्याला ओळखणारे सांगतात. ३६ व्या वर्षी तो पुन्हा ऑलिंपिकची तयारी करत होता.

२६ जानेवारी १९९६, शुक्रवार, दुपार. डेव्ह घरासमोर आपली गाडी दुरुस्त करत होता. ड्यू पाँट गाडी घेऊन आला, शेजारी त्याचा सुरक्षा सल्लागार. त्यानं रिव्हॉल्व्हरनं तीन गोळ्या झाडल्या. नॅन्सीच्या डोळ्यांदेखत डेव्ह गेला.

नंतर ड्यू पाँट आपल्या वाड्यात दोन दिवस कोंडून बसला. बाहेर बर्फाळ जानेवारी. पोलिसांनी घर गरम ठेवणारा बॉयलर बंद केला आणि तो दुरुस्त करायला साहेब निःशस्त्र बाहेर आले तेव्हा पकडले. फेब्रुवारी १९९७ मध्ये ज्युरीनं त्याला तिसऱ्या दर्जाच्या खुनासाठी दोषी, पण मनोरुग्ण ठरवलं. शिक्षा १३ ते ३० वर्षं. डॉक्टरांनी पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं निदान केलं होतं. डेव्हलाच का मारलं, याचं धड उत्तर खटल्यातूनही निघालं नाही.

सिनेमानं काय बदललं

सिनेमा पाहून वाटतं की १९८८ चं सेऊल ऑलिंपिक झालं, मार्क हरून फार्म सोडून गेला आणि लगेच खून झाला. प्रत्यक्षात मध्ये आठ वर्षं आहेत. मार्क १९८८ मध्ये गेला, डेव्ह त्यानंतर आला. सिनेमात दिसतात तसे दोघं भाऊ एकत्र तिथे राहिलेच नाहीत. मार्क शुल्ट्झनं सिनेमाला मदत केली होती, एका प्रसंगात तो स्वतः क्षणभर दिसतोही. पण २०१४ च्या अखेरीस तो ट्विटरवर दिग्दर्शकावर प्रचंड भडकला. त्याच्या आणि ड्यू पाँटच्या नात्याला सिनेमानं लैंगिक छटा दिली असं काही समीक्षकांनी लिहिलं, ते त्याला सहन झालं नाही. पुढे तो निवळला.

मला दोन्ही बाजू पटतात. आठ वर्षं गाळल्यामुळे गोष्ट घट्ट झाली, पण जे सगळ्यात भयंकर होतं ते हरवलं. तो काही एका हिवाळ्यातला झटका नव्हता. सात-आठ वर्षं रोज पगार होत होते, रोज सराव होत होता, आणि रोज कुणीतरी काहीतरी पाहून न पाहिल्यासारखं करत होतं. दोन तासांत ते दाखवणं कठीण. डेव्हच्या कुटुंबाच्या आणि मित्रांच्या तोंडून ऐकायचं असेल तर २०१६ चा ‘टीम फॉक्सकॅचर’ हा माहितीपट बघा. त्यात घरगुती चित्रफिती आहेत. डेव्ह हसताना दिसतो, आणि त्यानंतर सिनेमा पुन्हा पाहणं जड जातं.

सिनेमाला कान महोत्सवात २०१४ साली दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, ऑस्करची पाच नामांकनं मिळाली, त्यात करेल आणि रफलो दोघंही होते. ऑस्कर एकही नाही. करेलच्या गटात ते एडी रेडमेनला गेलं. आणखी एक तपशील, माझ्या धंद्यातला: सिनेमाची एक निर्माती मेगन एलिसन, म्हणजे ‘ओरॅकल’वाल्या लॅरी एलिसनची मुलगी. ज्या कंपनीच्या डेटाबेसवर मी रोज क्वेरी चालवतो तिच्या मालकाच्या लेकीनं घराण्याच्या पैशानं काय होऊ शकतं यावरचा सिनेमा उभा केला. अशा पैशातून हेही होतं, याची नोंद करायला हवी.

शेवटी काय उरलं

जॉन ड्यू पाँट ९ डिसेंबर २०१० रोजी तुरुंगात मरण पावला, वयाच्या ७२ व्या वर्षी. इच्छापत्राप्रमाणे त्याला फॉक्सकॅचरचा लाल कुस्तीचा पोशाख घालून पुरलं. संपत्तीचा बहुतेक भाग त्यानं फार्मवरचाच एक पैलवान, बल्गेरियाचा व्हॅलेंटिन योर्दानोव्ह आणि त्याचे नातेवाईक यांच्या नावे केला होता. ते एक सेंटचं तिकीट जून २०१४ मध्ये, सिनेमा कानला दाखवल्यानंतर महिन्याभरात, जवळपास ९५ लाख डॉलरना विकलं गेलं. त्यानं जमवलेल्या वस्तूंची किंमत वाढत गेली.

अलीकडे मी ‘द ऑफिस’ पुन्हा लावतो तेव्हा मायकल स्कॉटवर पूर्वीइतकं सहज हसू येत नाही. तोही पगार देऊन माणसं जमवतो आणि मग त्यांनी आपल्यावर प्रेम करावं म्हणून तडफडतो. करेलनं दोन अगदी वेगळी माणसं केली असं सगळे म्हणतात. मला ती भूक एकच वाटते. पण मायकलच्या ऑफिसात लोक त्याच्या तोंडावर कंटाळतात, डोळे फिरवतात, नाही म्हणतात, आणि वर मुख्य कार्यालयही असतं. त्यानं तो वाचतो आणि तेही वाचतात. ८०० एकरांच्या त्या फार्मवर नाही म्हणणं कुणाला परवडत नव्हतं.

मी ती नोकरी वर्षभरानं सोडली. शेवटच्या दिवशी त्या बॉसनं मिठी मारली आणि विचारलं, “तू तो व्हिडिओ मनापासून केला होतास ना?”

मी हो म्हणालो. अनुभवाचं पत्र अजून हातात यायचं होतं.